प्लेगच्या लशीचे जनक : हाफकिन

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहून द्यावे, असे चिटणीसबाईंनी सुचविले, तेव्हा मला पहिल्याप्रथम आठवण झाली ती हाफकिन यांची. परळच्या हाफकिन संस्थेचे नाव आपल्या भागात नवे नाही. भातकापणीत कोणाला फुरसे चावले, की सापाच्या लशीबरोबर तेही नाव निघते. परंतु ज्यांच्या नावाने ही संस्था उभी आहे ते गृहस्थ कोण, कोठले, हे फारसे कोणी सांगत नाही. त्यांनी प्लेगची लस शोधली एवढे शाळेत शिकवितात. मला मात्र वाटते, की ती लस खरोखर लागू पडते की नाही हे त्यांनी ज्या रीतीने पाहिले, त्यात त्यांचे मोठेपण अधिक आहे.

वाल्देमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राच्या काठी ओडेसा या बंदरात एका ज्यू कुटुंबात झाला. तेथील विद्यापीठात मेचनिकॉव्ह या नामवंत शास्त्रज्ञाच्या हाताखाली ते प्राणिशास्त्र शिकले. रशियात त्या काळी ज्यू माणसाला धर्म सोडल्याशिवाय वरची जागा मिळणे कठीण होते. हाफकिन यांनी धर्म सोडला नाही, देश सोडला. १८८९ साली ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत आले ते ग्रंथालयातील साहाय्यक म्हणून. पुस्तके सांभाळून उरलेल्या वेळात त्यांनी पटकीच्या जंतूंवर काम सुरू केले, आणि १८ जुलै १८९२ रोजी पटकीची लस प्रथम स्वतःच्याच अंगात टोचून घेतली.

१८९३ साली ते कलकत्त्यास आले. ते वैद्यकीच्या परीक्षा दिलेले डॉक्टर नव्हते, परदेशी होते आणि पुष्कळ अधिकाऱ्यांना नकोसे होते. हजारो लोकांना त्यांनी लस टोचली. पण एवढ्याने काय सिद्ध होते? टोचलेल्या माणसाला पटकी झाली नाही, तर ती लशीमुळे झाली नाही, की त्या वर्षी त्या गावात साथच आली नाही? हा प्रश्न विरोधकांनी काढण्यापूर्वी हाफकिन यांनी स्वतःच काढला होता. १८९४ साली कलकत्त्याच्या एका झोपडवस्तीत साथ शिरली. तेथे सुमारे दोनशे माणसे राहत होती. त्यांपैकी ११६ जणांना लस दिली गेली. एकच तळे, एकच गल्ली. पण पुढे जे आजारी पडले ते सारे न टोचलेल्यांपैकी निघाले.

ही रीत आपल्या घरच्या उदाहरणाने चटकन समजते. विहिरीजवळच्या माडाला नवे खत घातले आणि कातळावरच्या माडाला घातले नाही, तर नारळ वाढले ते खताने की पाण्याने, हे कोण सांगणार? एकाच वाफ्यातले, एकाच वयाचे, एकच पाणी पिणारे माड घ्यावेत, अर्ध्यांना खत घालावे, अर्ध्यांना घालू नये, आणि मग दोन्हींकडचे नारळ मोजावेत. आजचे आरोग्यसंशोधन कितीही पुढे गेले असले, तरी त्याचा पाया हाच आहे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग आला. तो प्रथम ओळखला डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी. ते मूळचे आपल्या शेजारच्या गोव्याचे. त्यानंतर जो हलकल्लोळ माजला, त्याच्या कथा आपल्या आज्या-पणज्या सांगत आल्या आहेत. लाखो माणसे मुंबई सोडून गेली. गिरण्यांतले पुष्कळ कामगार आपल्याच बाजूचे. ते आगबोटींनी कोकणात परतले. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली वेगळा झाला. तेव्हा हा सारा मुलूख रत्नागिरी जिल्ह्यातच होता. लोकांना प्लेगइतकेच भय वाटे ते सरकारी इस्पितळाचे. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणीकामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. पुढे १० मार्च १८९७ रोजी पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले यांनी देह ठेवला.

अशा मुंबईत हाफकिन ऑक्टोबर १८९६ मध्ये येऊन दाखल झाले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना लहानशी जागा, एक कारकून आणि तीन शिपाई मिळाले. जंतू वाढविण्यासाठी मांसाचे पाणी लागे. गाय आणि डुक्कर ही दोन्ही नावे येथे चालणार नाहीत हे ओळखून त्यांनी बकऱ्याचे मांस वापरले. त्या पाण्यावर ते तुपाचे किंवा खोबरेल तेलाचे थेंब सोडीत. त्या थेंबांखाली जंतू झुंबरासारखे लोंबत वाढत. मग ते उष्णतेने मारून त्यांची लस करीत. आपल्या स्वयंपाकघरातले तूप आणि आपल्या माडाचे तेल प्लेगच्या लशीच्या कामी आले, हे वाचून मला तरी मोठे नवल वाटले. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी हीही लस आधी स्वतःला टोचून घेतली. सडकून ताप आला, तो त्यांनी सोसला.

त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. ३० जानेवारीला तेथील निम्म्याच्या आसपास कैदी आपखुशीने लस घेण्यास पुढे आले. अन्न, पाणी, कोठड्या साऱ्यांच्या सारख्याच. पुढच्या दिवसांत लस न घेतलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला व ६ दगावले. घेतलेल्यांपैकी दोघांना झाला, आणि ते दोघेही वाचले. तरीही येथे एक शंका उरतेच. आपणहून पुढे येणारा माणूस आणि मागे राहणारा माणूस अगदी सारखे असतात असे नाही. पुढे येणारे अधिक धडधाकट असतील, अधिक जपून वागणारे असतील.

या शंकेला उत्तर मिळाले ते बडोद्याजवळच्या उंधेरा या खेड्यात, फेब्रुवारी १८९८ मध्ये. तेथे गाव घरोघर मोजले गेले आणि प्रत्येक कुटुंबातील साधारण अर्ध्या माणसांना लस दिली गेली. छप्पर एक, चूल एक, हवा एक. पुढे २८ घरांत प्लेग आला. त्या घरांत लस घेतलेली ७१ माणसे होती; त्यांपैकी ८ आजारी पडली, ३ गेली. न घेतलेली ६४ होती. त्यांपैकी २७ आजारी पडली आणि २६ गेली. शेकडा हिशेब केला तर लस घेतलेल्यांत शंभरामागे सुमारे ४ मृत्यू, न घेतलेल्यांत सुमारे ४१. लस पूर्ण कवच नव्हे, हेही त्या आकड्यांनी लपविले नाही.

हे आकडे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा लशीचा विजय म्हणून आनंद झाला. दुसऱ्यांदा वाचले तेव्हा ती २६ माणसे डोळ्यांपुढे उभी राहिली. एकाच पडवीत निजणारी दोन भावंडे असतील, एक टोचलेले, एक न टोचलेले. त्या माणसांची नावे कोणत्याही पुस्तकात नाहीत. आपल्याला जे निश्चित ज्ञान मिळाले त्याची किंमत त्यांनी मोजली. आज असे प्रयोग करताना प्रत्येकाची समजून-उमजून दिलेली संमती घ्यावी लागते, कोणाला काय मिळणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरते, आणि गुण स्पष्ट दिसू लागला की प्रयोग थांबवून ते औषध इतरांनाही देण्याचा विचार होतो. ही शिस्त बसायला फार वर्षे लागली.

१८९९ साली हाफकिन यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली. कीर्ती वाढली, तोच घात झाला. ऑक्टोबर १९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल गावी एका दिवशी १०७ जणांना लस टोचण्यात आली आणि त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने मरण पावले. दोष हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर आला. त्यांना कामावरून दूर करण्यात आले. खरे पाहता मोजणीनेच येथे वाट दाखविली होती. त्या दिवशी पाच बाटल्या उघडल्या होत्या, आणि मेलेली सगळी १९ माणसे एकाच बाटलीतून टोचलेली होती. ती उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. शेवटी १९०७ साली रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी उघडपणे बाजू घेतली, तेव्हा त्यांच्यावरील बालंट दूर झाले. ते कलकत्त्यास परत आले, पण पूर्वीचा अधिकार त्यांना मिळाला नाही. निवृत्तीनंतर ते युरोपात राहिले. लग्न त्यांनी केले नव्हते. १९२५ साली परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.

भगिनींनो, हे चरित्र आपल्याशी अगदी जवळून जोडलेले आहे. २०१६ साली आपल्या दोडामार्ग तालुक्यात माकडताप आला. त्यावरची जुनी लस वर्षानुवर्षे दिली जात होती. तिचे संरक्षण पुरेसे नाही असे घेतलेल्या व न घेतलेल्यांच्या मोजणीतूनच पुढे आले, आणि ती थांबविण्यात आली. चांगले औषध चांगले म्हणून ठरते तेही मोजून, आणि उणे ठरते तेही मोजूनच. शेजारणीला गुण आला, एवढा पुरावा पुरत नाही.

आणि मोजणी खरी होते ती आपण खरे सांगितले तर. आशाताई किंवा अंगणवाडीच्या बाई वही घेऊन दारात येतात, तेव्हा ताप किती दिवस होता, गोळ्या पुऱ्या घेतल्या की मध्येच सोडल्या, मूल केव्हा गेले, हे सांगताना आपण संकोचाने काहीतरी बोलून मोकळ्या होतो. उद्या दूर कोठेतरी एखादी आई आपल्या मुलाला कोणते औषध द्यावे हे विचारील, तेव्हा तिला मिळणारे उत्तर त्या वहीतूनच निघणार आहे. उंधेऱ्याच्या २८ घरांनी आपला हिशेब दिला. आपणही आपल्या घरचा हिशेब खरा द्यावा, एवढीच माझी विनंती आहे.