यमूची कहाणी लिहिणारे हरिभाऊ

आमच्या डोंबिवलीत नवं लग्न झालं की वेगळ्या बिऱ्हाडाची बोलणी सुरू होतात. त्यात आता नवल कसलं? यमूला मात्र ते सुख जेमतेम मिळालं!

यमू ही हरि नारायण आपट्यांची नायिका. १८६४ साली पारोळ्याला जन्मलेल्या हरिभाऊंची आई लहानपणीच गेली. १८९० मध्ये त्यांनी ‘करमणूक’ साप्ताहिक काढलं आणि त्यात ‘पण लक्षात कोण घेतो?’ क्रमशः छापली. नवऱ्याने शिकवलेली यमू मुंबईत मोकळी वावरते. तो गेल्यावर मात्र सासरचे तिचं जबरदस्तीने केशवपन करतात.

हरिभाऊ १९१२ मध्ये साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, १९१९ मध्ये वारले. पण मला त्यांचं मोठेपण वाटतं ते यात, की घरातल्या बाईचं रोजचं जगणं त्यांनी तिच्याच तोंडून सांगितलं. मैत्रिणींनो, यमूला एकदा भेटाच!