धन्यवादित फ्रेडरिक ओझानाम



रविवारची मिस्सा संपली की आपली पुरुषमंडळी थोडा वेळ आवारात थांबतात. भाताची लावणी, पिण्याचे पाणी, मुलांची शाळा, कधी प्रवचनातला एखादा मुद्दा, अशा गप्पा चालतात. अशाच एका चर्चामंडळातून जगभर पसरलेली एक सेवासंस्था उभी राहिली. ती उभारणाऱ्या तरुणाची आज ओळख करून घेऊ या.

फ्रेडरिक ओझानाम ह्यांचा जन्म २३ एप्रिल १८१३ रोजी इटलीतील मिलान शहरी एका फ्रेंच कुटुंबात झाला. त्यांचे बालपण फ्रान्समधील लियों शहरात गेले. वडील डॉक्टर होते व गोरगरिबांना पैसे न घेता तपासत. शाळेत असताना फ्रेडरिकच्या मनात श्रद्धेविषयी शंका दाटून आल्या. फादर न्वारो ह्या शिक्षकांनी त्यांना रागे न भरता समजून घेतले व सावरले.

१८३१ साली कायद्याच्या शिक्षणासाठी ते पॅरिसला गेले. तेथे काही काळ शास्त्रज्ञ अँपिअर ह्यांच्या घरी राहिले. विजेचा प्रवाह आजही आपण ह्याच अँपिअरच्या नावाने मोजतो. इतका मोठा शास्त्रज्ञ श्रद्धावंत होता, ह्याचा फ्रेडरिकना मोठा आधार वाटला.

पॅरिसमध्ये बायी नावाच्या ज्येष्ठ प्रापंचिकाच्या मदतीने विद्यार्थ्यांचे चर्चामंडळ भरत असे. श्रद्धावंत आणि नास्तिक दोघेही तेथे वाद घालत. १८३२ साली पॅरिसमध्ये पटकीच्या साथीने हजारो माणसे मेली होती. ख्रिस्तसभेने पूर्वी पुष्कळ केले असेल, पण आज गरिबांसाठी तुम्ही काय करता, असे एका विरोधकाने विचारले. फ्रेडरिकना ह्या बोलण्याचा राग आला नाही. ते त्यांना खरे वाटले.

२३ एप्रिल १८३३ रोजी, त्यांच्या विसाव्या वाढदिवशी, मोजके सहा-सात जण एकत्र जमले. सिस्टर रोझाली राँद्यू ह्या व्रतस्थ भगिनीने त्यांना गरीब कुटुंबांचे पत्ते दिले, पाव व कोळशाच्या चिठ्ठ्या दिल्या आणि गरिबाच्या दारी कसे जावे हेही शिकवले. दोघादोघांनी घरी जायचे, बसायचे, ऐकून घ्यायचे आणि मग आठवड्याच्या बैठकीत प्रार्थना करून त्या घराविषयी बोलायचे, असा त्यांचा क्रम ठरला. चर्चा बंद झाली नाही. तिचा विषय मात्र बदलला. हीच पुढे सेंट विन्सेंट डी पॉल सोसायटी झाली. सुरुवातीला ती पुरुषांचीच होती, नंतर स्त्रियाही सभासद झाल्या. आज ती दीडशेहून अधिक देशांत आहे. मुंबई-वसईकडच्या अनेक धर्मग्रामांतही ती काम करते.

ओझानाम धर्मगुरू झाले नाहीत. १८४१ साली त्यांचा अमेली ह्यांच्याशी विवाह झाला, पुढे एक मुलगी झाली. सोर्बोन विद्यापीठात ते प्राध्यापक होते. नोकरी, संसार व लेखन सांभाळून त्यांनी गरिबांच्या घरी जाणे चालू ठेवले. १८४८ च्या क्रांतीच्या काळात त्यांनी वर्तमानपत्रातून कामगारांची बाजू मांडली. ह्याबद्दल त्यांना आपल्याच लोकांचे बोल ऐकावे लागले. प्रकृती खालावत गेली व ८ सप्टेंबर १८५३ रोजी, अवघ्या चाळिसाव्या वर्षी, मार्सेय येथे त्यांचे निधन झाले. २२ ऑगस्ट १९९७ रोजी पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी पॅरिसमध्ये त्यांना धन्यवादित घोषित केले. सिस्टर रोझाली ह्यांनाही २००३ साली तोच सन्मान मिळाला.

भातकापणी उरकली की आपल्या सुरगाणा तालुक्यातील कितीतरी कुटुंबे द्राक्षबागांच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे जातात. मागे घरात म्हातारी माणसे राहतात. कोणाचे औषध संपलेले असते, कोणाला पाणी आणून द्यायला माणूस नसतो. पुरुषमंडळींनी पुढच्या रविवारी गप्पांना बसताना अशा दोन-चार घरांची नावे काढावीत आणि दोघादोघांनी तिकडे जाऊन यावे. तेथे काय पाहिले, हे त्यानंतरच्या रविवारी आवारात जरूर बोलावे. प्रभू आपणां सर्वांना तशी बुद्धी देवो.