नहेम्या नीळकंठशास्त्री गोरे

नेसरीच्या खिंडीची कथा ह्या मुलखांतील लहान मुलासही ठाऊक आहे. इ. स. १६७३ मध्यें उमराणीच्या लढाईंत सरसेनापति प्रतापराव गुजर ह्यांनीं बहलोलखानास कोंडींत पकडलें, आणि तो शरण येतांच त्यास सोडून दिलें. हें शिवाजी महाराजांस रुचलें नाहीं. खान पुन्हां चालून आला, तेव्हां धन्याची मर्जी गमावल्याच्या दुःखानें प्रतापराव अवघ्या सहा स्वारांनिशीं त्याच्या सैन्यावर तुटून पडले, आणि २४ फेब्रुवारी १६७४ रोजीं ते सातही वीर धारातीर्थीं पतन पावले. ज्यानें निष्ठेनें चाकरी केली, त्याच्या एका चुकीनें धन्याशीं असलेलें त्याचें नातें खरोखर तुटलें होतें काय? इतिहास सांगतो कीं, इ. स. १६८० मध्यें महाराजांनीं आपले धाकटे पुत्र राजाराम ह्यांचा विवाह प्रतापरावांच्या कन्येशीं लावून दिला. नातें तुटलें नव्हतें. परंतु खिंडींत घोडा घालणाऱ्या त्या वीरास तें कळणें शक्य नव्हतें.

असाच एक प्रश्न ख्रिस्ती लोकांच्या मनांत पुष्कळ काळापासून घोळत आला आहे. ज्यानें ख्रिस्तावर विश्वास ठेविला व ज्यास तारण लाभलें, तो पुढें चुकला, शंकेंत पडला किंवा थंडावला, तर तें तारण त्याच्या हातून निसटतें काय? ह्या प्रश्नाचा विचार नुसत्या वादानें करण्यापेक्षां एका थोर महाराष्ट्रीय पुरुषाच्या चरित्राच्या आधारें करणें अधिक बोधप्रद होईल, असें वाटतें. तो पुरुष म्हणजे फादर नहेम्या नीळकंठशास्त्री गोरे हा होय.

नीळकंठशास्त्र्यांचा जन्म ८ फेब्रुवारी १८२५ रोजीं बुंदेलखंडांत, झांशीजवळ, एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबांत झाला. घराणें मूळचें कोंकणचें, परंतु उत्तरेंत जाऊन स्थायिक झालेलें. त्यांचें बाळपण व शिक्षण काशीस झालें. त्यांनीं संस्कृत विद्येंत, विशेषेंकरून न्यायशास्त्रांत, उत्तम गति मिळविली. न्यायशास्त्राचा अभ्यास करणाऱ्यास एक संवय जडते. कोणतेंही विधान ऐकतांच त्याच्या विरुद्ध कोणता आक्षेप निघूं शकेल, हें तो प्रथम पाहतो. ही संवय शास्त्रीबुवांस जन्मभर सुटली नाहीं. तिनेंच त्यांस मोठें केलें, आणि तिनेंच त्यांस छळलें.

त्या काळीं काशींत रेव्हरंड विल्यम स्मिथ हे मिशनरी उपदेश करीत असत. त्यांस वादांत निरुत्तर करावें, ह्या हेतूनें तरुण नीळकंठशास्त्री त्यांच्याकडे जाऊं लागले. ख्रिस्ती मताच्या खंडनार्थ त्यांनीं शास्त्रतत्त्वविनिर्णय नांवाचा ग्रंथही संस्कृतांत लिहिला. परंतु खंडन करावयाचें तर ग्रंथ वाचला पाहिजे. आणि वाचतां वाचतां डोंगरावरील प्रवचनानें त्यांच्या मनाची पकड घेतली. वडील व इतर आप्त ह्यांचें दुःख एकीकडे, आणि मनाची साक्ष दुसरीकडे, अशा ओढाताणींत कित्येक दिवस गेले. अखेरीस १४ मार्च १८४८ रोजीं काशीबाहेर जौनपूर येथें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला, आणि नहेम्या हें नांव धारण केलें.

येथें एखाद्यास वाटेल कीं, आतां त्यांच्या मनास विसांवा मिळाला असेल. पण तसें घडलें नाहीं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्याजवळ आल्या व ख्रिस्ती झाल्या, परंतु इ. स. १८५३ मध्यें कन्या जन्मल्यावर थोड्याच काळांत त्या निवर्तल्या. ती आईवेगळी पोर दुसऱ्यांच्या घरीं वाढली. पुढच्याच वर्षीं शास्त्रीबुवा महाराजा दुलीपसिंग ह्यांच्यासमवेत इंग्लंडास गेले. ज्या देशांतून सुवार्ता आली, तेथें सर्वत्र ख्रिस्ताचें राज्य दिसेल, अशी त्यांची भाबडी कल्पना होती. लंडनचा थाट, संपत्तीचा हव्यास व लोकांची धर्माविषयींची उदासीनता पाहून त्यांस जबर धक्का बसला. ऑक्सफर्ड येथें प्रोफेसर मॅक्समुल्लर ह्यांच्यापाशीं त्यांनीं आपलें दुःख उघड केलें. ह्यालाच ख्रिस्ती धर्म म्हणत असतील तर आपण ख्रिस्ती नव्हे, अशा आशयाचे उद्गार त्यांच्या तोंडून निघाल्याचें त्या पंडितानें नमूद करून ठेविलें आहे.

तरी ते मागें फिरले नाहींत. स्वदेशीं परत येऊन त्यांनीं इ. स. १८६० मध्यें षड्दर्शनदर्पण हा हिंदी ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचें इंग्रजी भाषांतरही दोन वर्षांनीं निघालें. इ. स. १८६८ मध्यें त्यांस डीकनची व १८७० मध्यें प्रीस्टची दीक्षा मिळाली. पुढें काउली येथील संत योहानाच्या मठवासी संघाकडे त्यांचा ओढा झाला, आणि इ. स. १८७६ मध्यें ते उमेदवार म्हणून त्या संघांत शिरले. पुण्यांत पंचहौद मिशनच्या आवारांत त्यांनीं पुष्कळ काळ काम केलें. राहणी अत्यंत साधी, आहार बेताचा, अंगावर जाडेंभरडें वस्त्र. एखाद्या जुन्या विरक्त संन्याशासारखें त्यांचें वर्तन होतें.

आणि ह्या सर्व काळांत त्यांच्या अंतःकरणांत शंकांचें वादळ चालूच होतें. दुसऱ्याच्या आक्षेपांस जो चोख उत्तर देई, त्यास रात्रीं एकांतांत स्वतःचेच आक्षेप सतावीत. आपला विश्वास खरा आहे काय, देवानें आपणांस स्वीकारिलें आहे काय, हा घोर त्यांस अधूनमधून ग्रासून टाकी. संघांत शिरूनही त्यांनीं अखेरपर्यंत आजन्म व्रताची शपथ घेतली नाहीं. उमेदवार म्हणून शिरले ते उमेदवारच राहिले.

अशा मनुष्याविषयीं काय म्हणावें? त्याचें तारण गेलें होतें काय?

ख्रिस्ती मंडळींत ह्या प्रश्नाचीं उत्तरें एकसारखीं नाहींत. इ. स. १६१८-१९ मध्यें हॉलंडांत डॉर्ट येथें भरलेल्या धर्मसभेनें असें ठरविलें कीं, देवानें ज्यांस निवडलें त्यांस तो शेवटपर्यंत राखतो; ते पडले तरी सर्वस्वी नष्ट होत नाहींत. प्रेस्बिटेरियन मंडळ्यांचें मत हेंच आहे, आणि कोल्हापुरांत इ. स. १८५२ मध्यें रेव्हरंड वाइल्डर ह्यांनीं काम सुरू केलें तें ह्याच परंपरेंतून. उलट जॉन वेस्ली ह्यांनीं शिकविलें कीं, खरा विश्वासणाराही जाणूनबुजून पाठ फिरवील तर कृपेपासून भ्रष्ट होऊं शकतो. रोमन मंडळीनें ट्रेंटच्या सभेंत इ. स. १५४७ मध्यें सांगितलें कीं, देवाच्या विशेष प्रकटीकरणावांचून आपल्या अंतिम तारणाची पक्की खात्री कोणीं बाळगूं नये. दोन्ही बाजूंस शास्त्राचा आधार आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायांत मेंढपाळाच्या हातांतून मेंढरें कोणीही हिरावून नेणार नाहीं, असें अभिवचन आहे. तर इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायांत एकदां प्रकाश पाहून पतित झालेल्यांस कडक इशारा आहे.

आपल्या देशांतही हा वाद निराळ्या रूपानें झाला आहे. दक्षिणेंतील श्रीवैष्णवांच्या दोन पंथांपैकीं एक मर्कटन्याय मानतो व दुसरा मार्जारन्याय. वानराचें पिल्लूं आईच्या पोटास स्वतः घट्ट बिलगतें. त्याची पकड सुटली तर तें पडेल. मांजराचें पिल्लूं कांहींच करीत नाहीं; आईच त्यास तोंडांत धरून नेते. जीवाची पकड महत्त्वाची कीं देवाची, हाच दोहोंतील भेद होय.

नीळकंठशास्त्र्यांच्या चरित्राकडे ह्या दृष्टीनें पाहिलें तर एक गोष्ट स्पष्ट होते. त्यांची पकड वारंवार सैल पडली. परंतु ते पडले नाहींत. बाप्तिस्म्यापासून मरणापर्यंत सत्तेचाळीस वर्षें ते शंका घेत राहिले, आणि सत्तेचाळीस वर्षें प्रार्थना करीत राहिले. येथें शंका व त्याग ह्यांतील अंतर ध्यानांत घेतलें पाहिजे. ज्यानें पाठ फिरविली, त्यास आपलें तारण गेल्याची चिंता सहसा वाटत नाहीं. ज्यास ती चिंता रात्रीं झोंप येऊं देत नाहीं, तो अजून दारापाशींच उभा आहे. पेत्रानें तीन वेळां नाकारलें, परंतु तो बाहेर जाऊन रडला; आणि त्या अश्रूंच्या वाटेनेंच तो परत आला.

मात्र ह्यावरून कोणी असें समजूं नये कीं, एकदां तारण झालें, आतां कसेंही वागलें तरी चालेल. पौलानें फिलिप्पै येथील मंडळीस एकाच ठिकाणीं दोन्ही गोष्टी सांगितल्या आहेत: आपलें तारण भीत व कांपत साधून घ्यावें, कारण आपल्या ठायीं कार्य करणारा देव आहे. नीळकंठशास्त्र्यांनीं त्यांतील पहिला भाग अक्षरशः आचरिला. दुसऱ्या भागाचा विसांवा त्यांस क्वचितच लाभला, एवढेंच त्यांचें दुःख.

आणि तरीही त्यांच्या हातून काय घडलें तें पाहा. पंडिता रमाबाई इंग्लंडास गेल्यानंतर ज्यांच्या लेखानें त्यांच्या मनांतील शेवटच्या अडचणी दूर झाल्या, ते हेच गोरेशास्त्री होत. रमाबाईंनीं २९ सप्टेंबर १८८३ रोजीं वाँटेज येथें बाप्तिस्मा घेतला. ज्याच्या स्वतःच्या घरीं दिवा मिणमिणत होता, त्यानें दुसऱ्याच्या घरीं ज्योत लावली. त्यांची कन्या एलन लक्ष्मी ही इंग्लंडांत वाढली, इ. स. १८८० मध्यें सेवेसाठीं स्वदेशीं परतली, आणि तिनें इंग्रजींत एक गीत रचलें, तें देशोदेशींच्या मंडळ्यांत गाइलें गेलें. देवाच्या सान्निध्यांत लपलेल्या जीवाची निर्भय शांति हाच त्या गीताचा विषय आहे. पित्यास जी शांति जन्मभर शोधावी लागली, ती कन्येच्या मुखीं गीत होऊन आली!

२९ ऑक्टोबर १८९५ रोजीं मुंबईंत नीळकंठशास्त्री परलोकवासी झाले.

विद्यार्थिमित्रहो, परीक्षेंत नापास झालेला मुलगा घरीं जाण्यास भितो. बापानें आपणांस टाकलें, असें त्यास वाटतें. ह्या अंकाच्या वाचक पालकांसही विनंति आहे कीं, अशा वेळीं दार बंद असल्याचा भास मुलास होऊं देऊं नये. कारण स्वर्गांतील पित्याविषयींची मुलाची पहिली कल्पना घरांतील पित्यावरूनच बनत असते. प्रतापरावांस धन्याचें मन कळलें नाहीं, आणि त्यांनीं मृत्यूकडे धांव घेतली. गोरेशास्त्र्यांसही तें नेहमीं कळलें असें नाहीं. परंतु ते धन्याच्या दाराशीं बसून राहिले. शंका आली, चूक झाली, मन थंडावलें, तरी दार सोडूं नये, एवढा एक धडा त्यांच्या चरित्रापासून घेतला तरी पुष्कळ झालें.