आजारी गिरण्यांच्या काळातले डॉक्टर : दत्ता सामंत

मालवणच्या दक्षिणेला, एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली खाडी, अशा वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवर देवबाग आहे. आज तिथे पर्यटकांच्या होड्या लागतात. पूर्वी तिथून माणसं मुंबईला जात आणि मागे मनीऑर्डर येई. दत्तात्रय नारायण सामंत यांचा जन्म १९३२ चा. याच देवबागच्या मध्यमवर्गीय घरात ते वाढले. तेही मुंबईला गेले, पण गिरणीत लागायला नाही, डॉक्टर व्हायला. परळच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजातून एमबीबीएस केलं. हे कॉलेज आणि त्याला जोडलेलं केईएम हॉस्पिटल गिरणगावाच्या ऐन मध्यावर. भोंगा झाला की रस्ते भरून वाहायचे, ते त्यांनी विद्यार्थी असतानाच पाहिलं असणार.

दवाखाना टाकला तो घाटकोपरच्या पंतनगरात. पेशंट बहुतेक हातावर पोट असलेले, त्यात दगडाच्या खाणीत खडी फोडणारे मजूर बरेच. अशा माणसाला औषध लिहून दिलं तरी तो ते घेणार कुठून आणि घेतलं तरी दुसऱ्या दिवशी त्याच धुळीत जाणार, हा पेच रोजचा होता. औषधाच्या जोडीला मजुरी वाढवून घेतल्याशिवाय इलाज पुरा होत नाही, हे डॉक्टरांच्या लक्षात आलं आणि खाण मजुरांची संघटना उभी राहिली. पुढे नावापुढची डॉक्टर ही पदवी एवढी घट्ट झाली की हजारो कामगार त्यांना नुसतं डॉक्टरसाहेब म्हणत. त्यातल्या कित्येकांना हा माणूस खरोखर डॉक्टर आहे याचीही आठवण राहिली नसेल.

सुरुवात काँग्रेसमध्ये आणि इंटकमध्ये झाली. १९७२ ला काँग्रेसच्या तिकिटावर ते आमदार झाले. त्याच वर्षी विक्रोळीला गोदरेजमधला संघर्ष चिघळला, हिंसाचार झाला आणि सामंतांच्या नावाला जहाल हा शब्द कायमचा चिकटला. १९७५ ला आणीबाणी लागली तेव्हा सत्ताधारी पक्षाचा असूनही हा आमदार तुरुंगात गेला. १९७७ ला बाहेर आला तो आधीपेक्षा मोठा होऊन. मुंबई-ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एकेका कारखान्यात जुनी युनियन सोडून कामगार सामंतांचा झेंडा लावू लागले. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्ससारख्या ठिकाणी मिळालेली पगारवाढ कानोकानी पसरली.

त्यांची पद्धत इतर पुढाऱ्यांपेक्षा वेगळी होती आणि कॉमर्स शिकलेल्या माणसाला ती अजूनही चमत्कारिक वाटेल. कंपनीचा ताळेबंद ते फारसा मानत नसत. कंपनीला परवडतं की नाही हे मालकाच्या कागदावरून ठरवायचं नाही, कामगाराच्या घरखर्चावरून ठरवायचं, असा त्यांचा खाक्या. यातली अर्धी गोष्ट बरोबर होती. ताळेबंदात नफा कुठे दाखवायचा आणि कुठे लपवायचा हे मालकाच्या हातात असतं. कितीतरी गिरणीमालकांनी गिरणीत कमावलेला पैसा नव्या यंत्रांत न घालता दुसऱ्या धंद्यांत वळवला होता. पण उरलेली अर्धी गोष्ट महागात पडणारी होती. नव्या यंत्रांवर चालणारी मोटार कंपनी किंवा औषध कंपनी आणि पन्नास-साठ वर्षांच्या जुन्या मागांवर चालणारी गिरणी, या दोन्ही एकाच मापाने मोजता येत नाहीत. मोटार कंपनी दोन महिने बंद राहिली तर मालक घायकुतीला येतो. गिरणी बंद राहिली तर काही मालकांचं बरंच होणार होतं.

१९८१ च्या दिवाळीत बोनसवरून गिरणगाव पेटलं. गिरण्यांत कायद्याने मान्य युनियन एकच, राष्ट्रीय मिल मजदूर संघ. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने मालकाशी बोलणी करायचा हक्क फक्त तिला दिलेला. कामगारांचा तिच्यावर विश्वास उरला नव्हता, पण दुसरी निवडायची सोय नव्हती. त्यातून बदली कामगारांचं दुखणं वेगळंच. वर्षानुवर्षं रोज सकाळी गेटवर उभं राहायचं, कोणी गैरहजर असेल तर काम, नाहीतर परत खोलीवर. अशा संतापात कामगारांचे जथे घाटकोपरला डॉक्टरांकडे गेले. आधी त्यांची तयारी नव्हती. हा कायदा मोडून मालकाला टेबलावर आणणं सोपं नाही हे त्यांना कळत होतं. पण कामगार मागे हटेनात, शेवटी त्यांनी नेतृत्व घेतलं.

१८ जानेवारी १९८२ पासून बेमुदत संप. अडीच लाख कामगार, साठच्या आसपास गिरण्या. मागण्या पगारवाढीच्या, बदलीवाल्यांना कायम करण्याच्या आणि तो कायदा रद्द करण्याच्या. शेवटची मागणी सरकारला सगळ्यात जड गेली. गिरण्यांत सामंतांचं ऐकलं तर उद्या गोदीतही हेच होईल, अशी दिल्लीला धास्ती होती. संपकऱ्यांच्या संघटनेशी सरकार शेवटपर्यंत बोललं नाही.

संप टिकला कसा, याचं उत्तर मुंबईपेक्षा गावात जास्त सापडतं. सिंधुदुर्ग, रत्नागिरी, सातारा, सांगली, कोल्हापूर, आजरा-चंदगडपासून पार बेळगावच्या बाजूपर्यंतची माणसं गिरणगावात गावकीच्या खोल्यांवर राहत. पगार थांबला तसे ती एसटीने गावी आली. शेतात राबली, रोजगार हमीवर गेली. लाल निशाण पक्षाच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव धान्य गोळा केलं. मनीऑर्डरचा प्रवाह पहिल्यांदाच उलटा झाला, गावाने मुंबईला पोसलं. ज्या खाणावळवाल्या बायका या कामगारांना महिन्याच्या बोलीवर जेवू घालत त्यांचीही उधारी बुडाली. त्यांची संघटना, अन्नपूर्णा महिला मंडळ, १९७५ मध्ये उभी करणाऱ्या प्रेमा पुरव मूळच्या गोव्याच्या, गोवा मुक्तिलढ्यातल्या.

दुसरीकडे गिरणीमालकांची गोदामं मालाने भरलेली होती, ती रिकामी झाली. कापड भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर विणून घेता येत होतं. तिथे मजुरी कमी, युनियन नाही, फंड नाही. काही गिरण्यांनी तिथलं कापड घेऊन त्यावर आपला शिक्का मारला. डॉक्टरांच्या हिशेबात ही बाजू कमी पडली. संपात कसं शिरायचं हे त्यांना माहीत होतं, बाहेर पडायची वाट त्यांनी आखलेली नव्हती. त्याची किंमत त्यांनी नाही, कामगारांनी मोजली, ही टीका त्यांच्या मित्रांनीही केली आणि ती खोडून काढणं अवघड आहे.

वर्ष उलटलं तसे लोक हळूहळू गेटवर परतू लागले. सगळ्यांना घेतलं नाही. हजारोंना काढल्याचं पत्र मिळालं, कित्येक गिरण्या पुन्हा उघडल्याच नाहीत. पगारच नाही म्हणून ईएसआयची कपात थांबली, मुदत संपल्यावर दवाखान्याचं कार्डही निकामी झालं. फंड आणि ग्रॅच्युइटीसाठी लेबर कोर्टाच्या खेपा सुरू झाल्या. संप मागे घेतल्याची अधिकृत घोषणा कधीच झाली नाही.

आणि याच वेळी सरकारी तिजोरी उघडली, गिरण्यांसाठी. ऑक्टोबर १९८३ मध्ये केंद्राने वटहुकूम काढून मुंबईतल्या १३ गिरण्यांचा कारभार ताब्यात घेतला. ही रीत नवी नव्हती. १९७४ मध्ये देशभरातल्या १०३ आजारी गिरण्यांचं राष्ट्रीयीकरण होऊन त्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेल्या होत्या. व्यवहार समजायला सोपा आहे. नफा होता तेव्हा तो मालकाचा. यंत्रं जुनी झाली, बँकांची कर्जं थकली, की गिरणी आजारी. आजारी झाली की ती सरकारची, आणि तोटा लोकांच्या कराच्या पैशातून. बँकाही १९६९ पासून बहुतेक सरकारीच, म्हणजे बुडालेलं कर्जही शेवटी लोकांचंच. सरकारने त्या गिरण्या घेतल्याच नसत्या तर आणखी काही हजार घरं उघड्यावर आली असती, हेही खरं. राग गिरण्या वाचवल्याचा नव्हताच. गिरणीला आजारी म्हणून सलाईन लागलं आणि तीच गिरणी तीस वर्षं चालवणारा माणूस मात्र संपकरी म्हणून रस्त्यावर राहिला, राग त्याचा होता.

कंपनी बुडाली की देणेकऱ्यांची रांग लागते. त्यात बँकेसारखे तारण घेतलेले सावकार पुढे आणि कामगाराचा थकलेला पगार मागे, असा कंपनी कायदा होता. १९८५ मध्ये ५२९-अ हे कलम आलं तेव्हा कामगार त्या सावकारांच्या बरोबरीने उभा राहिला. पण रांगेत जागा मिळणं वेगळं आणि पैसे हातात पडणं वेगळं. इंदूरच्या वाचकांना हे सांगायला नको. तिथली हुकुमचंद मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद पडली. तिच्या कामगारांच्या थकीत देण्याचे २२४ कोटी डिसेंबर २०२३ मध्ये सुटले. मधल्या ३२ वर्षांत किती जण वारले असतील ते घरोघर माहीत आहे.

हा राग मतपेटीत दिसला. १९८४ च्या डिसेंबरात इंदिरा गांधींच्या हत्येनंतर काँग्रेसची लाट देशभर होती, तरी दक्षिण-मध्य मुंबईतून सामंत अपक्ष म्हणून खासदार झाले. संप हरलेल्या माणसाला संप हरलेल्या लोकांनीच निवडून दिलं. कामगार आघाडी हा त्यांचा पक्ष मात्र गिरणगावाबाहेर फार रुजला नाही. भावनेच्या राजकारणाने ती जागा घेतली आणि गिरणीतल्या बापाचा पोरगा वेगळ्या झेंड्याखाली गेला.

१९९१ नंतर विषय बदलला. आता कापडाला किंमत नव्हती, कापड विणायची होती त्या जमिनीला होती. त्या वर्षीच्या विकास नियमावलीत गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे ठरले: एक मालकाला, एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी. कामगारांची देणी आणि ही जमीन यांचा हिशेब एकत्र लावा, असा आग्रह कामगार संघटनांनी धरला.

१६ जानेवारी १९९७ रोजी सकाळी पवईच्या घरातून पंतनगरच्या ऑफिसला निघालेल्या सामंतांची गाडी अडवून मारेकऱ्यांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. वय ६४. संपाला पंधरा वर्षं पुरी व्हायला दोन दिवस होते. मुंबईत त्या दिवशी कारखाने बंद पडले, अंत्ययात्रेला हजारो कामगार आले, त्यात ज्यांची नोकरी त्या संपात गेली असे कित्येक.

२००१ मध्ये त्या जमिनीच्या नियमात बदल झाला. वाटणी फक्त मोकळ्या जागेची, बांधकामाखालची जागा त्यातून वगळली. सार्वजनिक वाटा एकदम आकसला. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, २००६ मध्ये बदल कायम राहिला. त्याच्या आदल्या वर्षी महामंडळाची एकटी मुंबई टेक्सटाईल मिल ७०२ कोटींना विकली गेली होती. गिरणी कामगारांच्या घरांची मोठी सोडत निघाली ती २०१२ मध्ये. घरं ६,९२५, अर्ज त्याच्या कितीतरी पट. अर्जाच्या फॉर्मवर कामगार किंवा वारस असे दोन पर्याय होते.