लहुजी वस्ताद साळवे : ज्यांच्या तालमीतून फुलेही घडले आणि फडकेही

१७ फेब्रुवारी ही तारीख एका गुरूच्या आणि त्यांच्या शिष्याच्या मृत्यूची आहे. १८८१ मध्ये याच दिवशी लहुजी वस्ताद साळवे यांचं पुण्यात निधन झालं. बरोबर दोन वर्षांनी, १८८३ मध्ये, वासुदेव बळवंत फडके यांनी एडनच्या तुरुंगात प्राण सोडला.

फडक्यांना आपण आद्यक्रांतिकारक म्हणून ओळखतो. पण त्यांच्या हाती तलवार देणारे लहुजी कोण होते?

पुरंदरच्या पायथ्याचं घराणं

लहुजींचा जन्म १४ नोव्हेंबर १७९४ चा, पुरंदर किल्ल्याजवळच्या पेठ गावातल्या मांग कुटुंबातला. पुरंदरच्या रक्षणाची जबाबदारी या घराण्याकडे होती आणि त्यासाठी त्यांना 'राऊत' हा किताब मिळाला होता, असं परंपरेने सांगितलं जातं. शस्त्रविद्या घरातच होती. वडील राघोजी हे त्यांचे पहिले गुरू.

नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीला पेशवे आणि इंग्रजांची लढाई झाली. त्यात राघोजी मारले गेले. लहुजी तेव्हा २२ वर्षांचे होते. काही दिवसांतच शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण लागलं. लहुजींनी लग्न न करता आयुष्य देशासाठी द्यायचं ठरवलं.

तालीम म्हणजे नेमकं काय?

आज तालीम म्हटलं की कुस्तीचा आखाडा आठवतो. पुण्याच्या गंज पेठेतल्या लहुजींच्या तालमीत कुस्तीबरोबर दांडपट्टा, तलवार, लाठी आणि नेमबाजीही शिकवली जायची. सैन्य मोडलं होतं, त्यामुळे पिढीजात विद्या टिकायची तर ती कुणीतरी शिकवायला हवी होती.

ज्या काळात मांगाची सावलीही चालत नसे, त्या काळात ब्राह्मणांसह सगळ्या जातींची मुलं या तालमीत यायची आणि एका मांगाला वस्ताद म्हणायची.

एक शिष्य शाळेकडे वळला

तरुण जोतीराव फुले दांडपट्टा आणि नेमबाजी लहुजींकडेच शिकले. १८४८ मध्ये फुल्यांनी भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. पुढे अस्पृश्य मुलांसाठी शाळा सुरू झाल्या, तेव्हा वस्त्यांमधून मुलं आणण्यासाठी लहुजी आणि राणबा महार पुढे आले. फुल्यांना असलेला विरोध बघता वस्तादांचं पाठीशी असणं ही मोठी गोष्ट होती.

लहुजींच्याच घराण्यातली मुक्ता साळवे या शाळेत शिकली. मांग-महारांच्या दुःखावर तिने लिहिलेला निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. दलित स्त्रीच्या सुरुवातीच्या लेखनात आज त्याचं नाव घेतलं जातं.

दुसऱ्याने बंड केलं

पुण्याहून बोरघाट उतरलं की खोपोली, खालापूर, चौक लागतं. पुढे पनवेल तालुक्यात शिरढोण आहे. फडके तिथले, जन्म १८४५ चा. पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरी करताना ते लहुजींच्या तालमीत जाऊ लागले.

दरम्यान काळ बदलत होता. जपानमध्ये १८७६ च्या हुकमाने सामुराईंना कमरेला तलवार लावून फिरायला बंदी झाली. दोनच वर्षांनी, १८७८ मध्ये, इंग्रजांनी भारतात शस्त्र कायदा आणला आणि हत्यार बाळगायला परवाना लागू लागला. पण जपानी तलवार बंदी करणारं सरकार जपानचंच होतं. इथे मात्र परक्या सत्तेने लोकांची हत्यारं काढून घेतली.

त्याआधीच दुष्काळाने दख्खन होरपळला होता. १८७९ मध्ये फडक्यांनी रामोशी साथीदारांसह बंड केलं. मे महिन्यात त्यांचे साथीदार दौलतराव नाईक यांनी कोकणात उतरून पळस्पे आणि चिखलीला छापे घातले. परतीच्या वाटेवर इंग्रजी फौजेने त्यांना गाठलं आणि नाईक मारले गेले. जुलैमध्ये फडके विजापूरकडे पकडले गेले आणि त्यांची रवानगी एडनला झाली.

शिष्य काळ्या पाण्यावर गेला तेव्हा वस्ताद ८५ च्या घरात होते. ८६ व्या वर्षी ते गेले.

आज काय उरलं?

पुण्यात संगमवाडीला लहुजींची समाधी आहे. मातंग समाजाच्या स्थितीचा अभ्यास करण्यासाठी राज्य सरकारने २००३ मध्ये नेमलेल्या आयोगालाही त्यांचंच नाव आहे. फुले आणि फडके यांची चरित्रं शाळेत शिकवली जातात. दोघांच्याही सुरुवातीच्या पानांवर गंज पेठेतली ती तालीम आहे.