गुराख्यांच्या भाषेचा कैवारी

बाल्कन प्रदेशाची आठवण आम्हाला होते ती बहुधा युद्धांमुळे. १९९० च्या दशकात युगोस्लाव्हिया फुटला तेव्हा वर्तमानपत्रांचे रकाने तिथल्या रक्तपाताने भरून गेले होते. पण याच बाल्कनमधल्या सर्बियात वुक कारादजिच नावाचा, एका पायाने अधू असलेला माणूस होऊन गेला. त्याने दिलेली लढाई भाषेची होती आणि ती पन्नास वर्षे चालली. बहुजनांची बोली शुद्ध की अशुद्ध, हे कोणी ठरवायचे, हा त्या लढाईचा मुद्दा होता. म्हणून त्यांचे चरित्र आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत.

वुक यांचा जन्म १७८७ साली त्रशिच या डोंगराळ खेड्यात एका शेतकरी कुटुंबात झाला. सर्बिया तेव्हा तुर्की सुलतानाच्या अमलाखाली होता. आईबापांची आधीची मुले जगली नव्हती. चेटकिणी मुले खातात, पण लांडग्याच्या वाटेला जात नाहीत, अशी लोकांची समजूत होती. म्हणून या मुलाचे नाव ठेवले वुक, म्हणजे लांडगा. अंधश्रद्धेतून पडलेले हे नाव पुढे युरोपभर गाजले.

पंचक्रोशीत लिहिता-वाचता येणारा माणूस एकच, तोही वुकच्या नात्यातला. त्याने मुलाला अक्षरे शिकवली. शाईच्या जागी बंदुकीची दारू पाण्यात कालवलेली, कागदाच्या जागी काडतुसांचे वेष्टण आणि लेखणी म्हणून बोरू! नंतर बापाने पोराला त्रोनोशाच्या मठात शिकायला घातले. तिथल्या साधूंनी त्याला पुस्तकाऐवजी गुरांमागे पाठवले. गुरेच राखायची तर घरची काय वाईट, म्हणून बापाने त्याला परत आणले.

१८०४ मध्ये तुर्कांविरुद्ध उठाव झाला. लिहिता येणारी माणसे कमी, म्हणून वुक बंडखोरांचे लेखनिक झाले. पुढे शिकण्यासाठी ते ऑस्ट्रियाच्या हद्दीतल्या कार्लोव्हत्सी गावी गेले, तर तिथल्या विद्यालयाने वय जास्त म्हणून प्रवेश नाकारला. बेलग्रेडला दोसितेय ओब्रादोविच हे त्या काळचे थोर विद्वान होते. त्यांच्याकडे मदत मागितली, त्यांनीही वाटेला लावले. त्यातच आजाराने एक पाय गेला आणि कुबडी कायमची सोबतीला आली.

१८१३ मध्ये उठाव चिरडला गेला आणि वुक व्हिएन्नाला पोहोचले. तिथे येर्ने कोपितार हा स्लोव्हेनियन विद्वान सरकारी सेन्सॉरच्या नोकरीत होता. सेन्सॉर म्हटला की लेखकाचा वैरी, असा आमचा समज. हा सेन्सॉर मात्र वेगळा निघाला. या खेडुताच्या बोलीचे मोल त्याने ओळखले आणि त्याला लिहिते केले. १८१४ मध्येच वुक यांचे लोकगीतांचे छोटे पुस्तक आणि सर्बियन भाषेचे व्याकरण छापून निघाले.

हे केवढे धाडस होते हे समजायचे तर तेव्हाची स्थिती पाहिली पाहिजे. ग्रंथांची भाषा म्हणजे चर्चची प्राचीन स्लाव्ह, रशियन आणि थोडी लोकभाषा यांची खिचडी. ती धर्मगुरूंना आणि शिकलेल्या थोड्या लोकांना कळे. नांगर धरणाऱ्याला ती कळत नसे, आणि कळू नये यातच अनेकांचे हित होते. वुक म्हणाले, बोलता तसे लिहा आणि लिहिले तसे वाचा. एका ध्वनीला एक अक्षर. या नियमाने त्यांनी निरुपयोगी अक्षरे काढून टाकली, हवी ती नवी घेतली आणि तीस अक्षरांची लिपी सिद्ध केली.

१८१८ मध्ये त्यांचा शब्दकोश आला. त्यात २६,२७० शब्द होते, तेही खेड्यापाड्यांतल्या माणसांच्या तोंडचे. शब्दाबरोबर लग्नाच्या रीती, सण, समजुती, गोष्टी यांचीही माहिती होती. म्हणजे कोशाच्या रूपाने एका समाजाचे जगणेच नोंदले गेले. शिव्याही वगळल्या नव्हत्या, त्यावरून फार गहजब झाला. धर्ममार्तंडांनी ही गुराख्यांची आणि डुकरे राखणाऱ्यांची भाषा म्हणून नाक मुरडले. नव्या लिपीत एक अक्षर लॅटिनमधून घेतले होते. तेवढ्यावरून हा माणूस ऑर्थोडॉक्स धर्म बुडवून लोकांना कॅथलिक करणार, अशी आवई उठवण्यात आली.

आम्हाला मात्र वुक यांचे सर्वांत मोठे काम वाटते ते गायकांचे. तेशान पोद्रुगोविच हा पूर्वीचा बंडखोर बोरू कापून पाठीवर वाहून विकत असे. तो गाणी गात नसे, नुसती सांगे. १८१५ मध्ये पुन्हा उठावाची बातमी आली आणि गाणी अर्धवट टाकून तो लढायला निघून गेला. फिलिप विश्निच देवीच्या रोगाने लहानपणीच आंधळा झालेला. म्हातारा मिलिया १८२२ मध्ये क्रागुयेवात्सला भेटला. डोक्यावर तलवारीचे घाव, अंगात त्राण नाही. दारूचा घोट घेतल्याशिवाय गाणे सुरू होत नसे आणि गायल्याशिवाय त्याला ओळी क्रमाने आठवत नसत. चार गाणी उतरवून घ्यायला पंधरा दिवसांहून अधिक लागले. मग कुणा रिकामटेकड्याने म्हाताऱ्याचे कान भरले आणि तो निघून गेला. पुढच्या वर्षी वुक यांनी चौकशी केली, तर तो वारला होता.

या माणसांची नावे वुक यांनी लिहून ठेवली, त्यांची हकिकत छापली. झिवाना या आंधळ्या गायिकेचेही नाव त्यात आहे. लोकांकडून घ्यायचे आणि लोकांना विसरायचे, हा विद्वानांचा रिवाज त्यांनी मोडला. गटे आणि याकोब ग्रिम या जर्मन दिग्गजांनी ही गाणी डोक्यावर घेतली. ग्रिम यांनी तर व्याकरणाचा जर्मन अनुवादच केला.

मायदेशी मात्र उपेक्षाच. सर्बियाचा अधिपती मिलोश ओब्रेनोविच स्वतः निरक्षर होता. १८३२ मध्ये वुक यांनी त्याच्या मनमानीबद्दल त्याला स्पष्ट पत्र लिहिले. त्याच वर्षी त्यांच्या लेखनपद्धतीत पुस्तके छापायला बंदी आली. घरी दारिद्र्य होते. पत्नी आना व्हिएन्नाची. तेरा मुले झाली, वुक यांच्या पश्चात उरली दोनच. त्यांतली मिना चित्रकार झाली.

एक दोषही सांगितला पाहिजे. एका विशिष्ट बोलीचे सगळे लोक सर्बच, मग त्यांचा धर्म कोणताही असो, असे वुक यांनी १८४९ मध्ये छापलेल्या लेखात मांडले. क्रोएशियन आणि बोस्नियन मुस्लिम लोकांना ते कसे मान्य होणार? ज्याने राबणाऱ्यांना त्यांचा आवाज दिला, त्याने शेजाऱ्याची ओळख मात्र परस्पर ठरवून टाकली. पुढच्या काळातल्या दुराग्रही राष्ट्रवाद्यांनी याच लेखाचा आधार घेतला.

१८४७ मध्ये वुक यांचा नव्या कराराचा लोकभाषेतला अनुवाद निघाला. तरुण कवी त्यांच्या बाजूने उभे राहिले आणि लढाईचे पारडे फिरले. ७ फेब्रुवारी १८६४ रोजी व्हिएन्नात वुक यांचे निधन झाले. लेखनपद्धतीवरची शेवटची बंदी उठली १८६८ मध्ये. १८९७ मध्ये त्यांच्या अस्थी बेलग्रेडला आणून तिथल्या मुख्य चर्चच्या दाराशी पुरण्यात आल्या. शेजारी थडगे आहे दोसितेय ओब्रादोविच यांचे, ज्यांनी त्या खेड्यातल्या पोराला परत पाठवले होते.