नृत्यतपस्विनी अ‍ॅना पाव्हलोव्हा

रशियाच्या तत्कालीन राजधानीत, सेंट पीटर्सबर्ग नगरीत, १२ फेब्रुवारी १८८१ रोजी एका गरीब घरी एक मुलगी जन्मास आली. तिची आई लोकांचे कपडे धुऊन उदरनिर्वाह करीत असे. दिवस पुरे भरण्यापूर्वीच जन्मलेली ही बालिका इतकी अशक्त होती, की ती जगते की नाही ह्याचीच घरच्यांना धास्ती वाटे. तिचे नाव अ‍ॅना. पित्याचे छत्र तिला लाभले नाही. प्रकृती सुधारावी म्हणून आईने तिला नगराबाहेरील लिगोव्हो गावी आजीच्या घरी ठेवले. रानातील झाडे, फुले व फुलपाखरे हेच तेथे तिचे सवंगडी झाले.

अ‍ॅना आठनऊ वर्षांची असताना आईने काटकसरीने शिल्लक टाकलेल्या पैशांतून तिला मारीन्स्की ह्या राजकीय रंगमंदिरात एक बॅले पाहावयास नेले. बॅले हा युरोपातील नृत्यनाट्याचा प्रकार आहे. त्यात पात्रे मुखाने एकही शब्द उच्चारीत नाहीत. नृत्य, हावभाव आणि वाद्यसंगीत ह्यांच्या साहाय्यानेच सारी कथा प्रेक्षकांपुढे उभी राहते. त्या दिवशीच्या बॅलेचे नाव होते ‘निद्रिस्त सुंदरी’. संगीतकार चायकोव्हस्की व नृत्यरचनाकार पेतिपा ह्यांची ही कृती १८९० साली प्रथम रंगभूमीवर आली. तिची कथा मोठी मनोहर आहे. ऑरोरा ह्या राजकन्येच्या बारशाला कॅराबोस नावाच्या दुष्ट परीला बोलवावयाचे राहून जाते. अपमानाने संतापलेली ती परी शाप देते, की सुताच्या चातीचे टोक बोटात रुतून ही राजकन्या मरेल. परंतु लायलॅक नावाची सुष्ट परी त्या शापाला उःशाप देते. मृत्यूऐवजी राजकन्येला शंभर वर्षांची निद्रा येते आणि अखेर एक राजपुत्र येऊन तिला जागे करतो.

चिमुकली अ‍ॅना देहभान विसरून हे सारे पाहत राहिली. आपणही एक दिवस ऑरोरा होऊन ह्याच रंगमंचावर नाचावयाचे, असा तिने मनाशी निश्चय केला. आईला प्रथम हा बालहट्ट वाटला. पण मुलीने ध्यास सोडला नाही. शेवटी आई तिला राजकीय नृत्यविद्यालयात घेऊन गेली. वय लहान व देह दुबळा म्हणून तेथील चालकांनी तिला परत पाठविले. अ‍ॅना हिरमुसली, पण निराश झाली नाही. पुढे १८९१ साली, दहा वर्षांची झाल्यावर, तिला त्या विद्यालयात प्रवेश मिळाला.

हे विद्यालय झारच्या खर्चाने चालत असे आणि तेथील शिस्त अत्यंत कडक होती. रोज तासन् तास तोच तोच पदन्यास घोटून घ्यावा लागे. बॅलेतील नर्तकीला पायांच्या बोटांच्या टोकांवर देहाचा सारा भार तोलावा लागतो. त्यासाठी पाय बळकट हवेत. अ‍ॅनाचे घोटे तर काटकुळे होते, पावलांची कमान नको तितकी उंच होती आणि हातपाय लांबसडक होते. त्या काळी आटोपशीर बांध्याच्या, पीळदार स्नायूंच्या नर्तकींची चहा होती. इटलीहून आलेल्या पिएरिना लेन्यानी हिने ‘हंससरोवर’ ह्या बॅलेत १८९५ साली एका पायावर सलग बत्तीस गिरक्या घेऊन साऱ्या नगरीला थक्क केले होते. आपणही तसेच करावे असे अ‍ॅनाला वाटे आणि ती आपल्या नाजूक पायांना त्यासाठी फार ताण देई.

पाव्हेल गेर्ट ह्या तिच्या गुरूंनी हे पाहिले. त्यांनी तिला ह्या वाटेने जाण्यापासून परावृत्त केले. कसरतीचे खेळ इतरांना करू द्यावेत, तिचे खरे धन तिचा हळुवारपणा व भावदर्शन हेच आहे, असे त्यांनी तिला पटवून दिले. गुरूंचा हा उपदेश अ‍ॅनाच्या आयुष्याला वळण देणारा ठरला. आपल्या देहातील उणिवांचा खेद करीत न बसता तिने त्यांवर उपाय शोधला. आपल्या नृत्याच्या जोड्यांच्या तळाशी तिने कठीण चामडे बसविले आणि टोकाचा भाग घट्ट व सपाट करून घेतला. त्यामुळे तिच्या कमानदार पावलांना आधार मिळाला. काहींनी ह्याला लबाडी म्हणून नावे ठेवली; परंतु पुढे अशाच आधाराचे जोडे सर्वत्र रूढ झाले.

१८९९ साली शिक्षण पुरे करून अ‍ॅनाने राजकीय रंगमंदिरात प्रवेश केला. १९०३ साली तिला ‘जिझेल’ ह्या बॅलेतील नायिकेची भूमिका मिळाली. जिझेल ही एक भोळी खेडवळ मुलगी. वेष पालटून आलेल्या आल्ब्रेख्ट नामक सरदारावर ती प्रेम करते. त्याचे लग्न दुसरीकडे ठरलेले आहे हे कळताच तिचे मन भ्रमिष्ट होते व ती मरण पावते. पुढे रात्री त्या वनात विली नावाच्या आत्म्यांचा मेळा जमतो. लग्नापूर्वीच मृत्यू आलेल्या ह्या कुमारिका. आपल्या तावडीत सापडलेल्या पुरुषाला मरेपर्यंत नाचावयास लावावे, अशी त्यांच्या राणीची आज्ञा असते. पश्चात्तापाने पोळलेला आल्ब्रेख्ट थडग्यावर फुले वाहण्यास येतो, तेव्हा विली त्याला घेरतात. परंतु ज्याने आपणांस फसविले त्यालाच जिझेल क्षमा करते व पहाट होईपर्यंत त्याचे रक्षण करते. अ‍ॅनाच्या हलक्या, जणू भूमीला न टेकणाऱ्या पावलांमुळे ही छायारूप जिझेल सजीव झाली. ज्या देहाला सर्वांनी दुबळा म्हणून हिणविले होते, तोच ह्या भूमिकेला शोभून दिसला. १९०६ साली तिला बॅलेरिना ही मानाची पदवी प्राप्त झाली.

ह्याच सुमारास मिखाइल फोकीन ह्या तरुण रचनाकाराने तिच्यासाठी एक छोटेसे नृत्य बसविले. सें-साँस ह्या फ्रेंच संगीतकाराच्या ‘हंस’ ह्या रचनेवर ते आधारलेले होते. त्यात बत्तीस गिरक्या नाहीत, उंच उड्या नाहीत. बोटांच्या टोकांवर टाकलेली चिमुकली पावले आणि पंखांसारखे हेलावणारे बाहू, एवढेच त्यात आहे. एक हंसी मृत्यूशी झुंजते, पुन्हा पुन्हा उठू पाहते आणि शेवटी पंख मिटून निश्चल होते. अवघ्या दोनतीन मिनिटांच्या ह्या नृत्याने प्रेक्षकांचे डोळे पाणावत. ‘मरणोन्मुख हंसी’ ह्या नावाने ते जगप्रसिद्ध झाले. अ‍ॅनाने ते हजारो वेळा केले.

मारीन्स्की रंगमंदिरात तिला मान होता, वेतन होते, स्थैर्य होते. पण तेवढ्याने तिचे समाधान होईना. लहानपणी आईने मोठ्या काटकसरीने तिला जे सौंदर्य दाखविले होते, ते ज्यांच्या गावी कधी बॅले पोहोचला नव्हता अशा लोकांनाही पाहावयास मिळावे, असे तिला वाटू लागले. १९०८ पासून ती परदेशी दौरे करू लागली. १९१० साली तिने अमेरिकेत नृत्य केले. १९१२ साली लंडनमध्ये तिने आयव्ही हाउस हे घर घेतले. तेथील तळ्यात तिने हंस पाळले आणि त्यांच्या माना, पंख व चाल ह्यांचे ती बारकाईने निरीक्षण करी. १९१३ साली तिने राजकीय रंगमंदिराची नोकरी सोडली. पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध सुरू झाले. त्यानंतर मायभूमीचे दर्शन तिला पुन्हा कधीच घडले नाही.

स्वतःचे नर्तकमंडळ घेऊन ती आगगाडीने व आगबोटीने जगभर हिंडली. सुसज्ज नाट्यगृह मिळो वा न मिळो, ती नृत्य करी. मेक्सिकोमध्ये तर १९१९ साली ती बैलांच्या झुंजीच्या आखाड्यात नाचली, आणि तेथील लोकनृत्य आत्मसात करून तिने ते त्या लोकांपुढे सादर केले. मायदेशाला पारख्या झालेल्या रशियन बालिकांसाठी तिने पॅरिसजवळ एक वसतिगृह चालविले.

१९२२-२३ च्या पौर्वात्य दौऱ्यात ती भारतात आली. त्या वेळी तिने अजिंठ्याची लेणी पाहिली. तेथील भिंतींवर चितारलेल्या आकृतींतील हातांच्या मुद्रा व देहाचे डौल पाहून ती मुग्ध झाली आणि १९२३ साली लंडनमध्ये तिने ‘अजिंठ्याची भित्तिचित्रे’ हा बॅले सादर केला. त्याच वर्षी लंडनमध्ये चित्रकला शिकणाऱ्या उदय शंकर ह्या भारतीय तरुणाच्या साहाय्याने तिने राधाकृष्णाचे नृत्य बसविले. ती स्वतः राधा झाली व उदय शंकर कृष्ण झाले. पुढे उदय शंकरांनी भारतीय नृत्याची कीर्ती देशोदेशी नेली. १९२८-२९ च्या सुमारास रुक्मिणीदेवी अरुंडेल ह्यांच्याशी तिचा स्नेह जुळला. रुक्मिणीदेवींना बॅलेची गोडी लागली होती. तिने त्यांच्या शिक्षणाची सोय केली. पण स्वतःच्या देशातील नृत्यकलेकडेही त्यांनी वळावे, असे सुचविले. पुढे रुक्मिणीदेवींनी भरतनाट्य आत्मसात केले आणि १९३६ साली मद्रास येथे कलाक्षेत्र ही संस्था स्थापन केली. जिला स्वतःच्या कलेचा अभिमान असतो, तिला दुसऱ्यांच्या कलेचेही मोल कळते, हे अ‍ॅनाने असे दाखवून दिले.

जानेवारी १९३१ मध्ये नव्या दौऱ्यासाठी ती हॉलंडमधील हेग नगरीत पोहोचली, तेव्हा ती आजारी होती. फुफ्फुसाच्या आवरणाला सूज आली होती. उपचारांचा उपयोग झाला नाही आणि २३ जानेवारी रोजी तिची प्राणज्योत मालवली. पन्नासावा वाढदिवस अवघ्या तीन आठवड्यांवर आला होता.

तिच्या मृत्यूनंतर लवकरच लंडनच्या एका नाट्यगृहात बॅलेचा कार्यक्रम होता. त्यात वाद्यवृंदाने हंसीच्या नृत्याचे संगीत सुरू केले. पडदा वर गेला. रंगमंच रिकामा होता. केवळ प्रकाश पसरला होता. सारे प्रेक्षक उठून स्तब्ध उभे राहिले. त्या रिकाम्या रंगमंचावर प्रत्येकाला आपापल्या आठवणीतील हंसी दिसत असली पाहिजे.

चित्रकाराचे चित्र त्याच्यामागे उरते, शिल्पकाराची मूर्ती उरते. नर्तकीची कला मात्र तिच्या देहाबरोबरच लोपते. तरीही काटकुळ्या पायांच्या ह्या दुबळ्या मुलीने अविरत परिश्रमाने जे सौंदर्य निर्माण केले, ते पाहून देशोदेशीच्या कितीतरी मुलामुलींच्या मनात नृत्याची ज्योत पेटली. तीच अ‍ॅनाची खरी मिळकत होय.